अर्ध्या रोजाचा माणूस

उजवा हात कोपरापासून गेला तर ७० टक्के, डावा गेला तर ६०. पाय गुडघ्याच्या वर तुटला तर ६०, खाली तुटला तर ५०. एक डोळा ३०, अंगठा २५, तर्जनी १०, बाकीच्यांपैकी कुठलंही बोट ५. माणसाच्या शरीराचा हा दरफलक १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात छापलेला होता. ब्रिटिश हिंदुस्थानात हा कायदा १ जुलै १९२४ला अमलात आला. डावखुऱ्या कामगाराचं काय, हा प्रश्न परिशिष्ट करणाऱ्यांना पडलेला दिसत नाही. त्याहून अवघड असा दुसरा एक प्रश्न मात्र त्यांना पडला होता. हात अधू झालेला माणूस घरी बसला नाही, कमी मजुरीवर का होईना कामाला येत राहिला, तर त्याला भरपाई द्यायची की नाही?

वऱ्हाडात हा प्रश्न पुस्तकी नव्हता. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्याच दशकात मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेरा करत १८६७ला नागपूरला पोचली. पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीत पऱ्हाटीशिवाय दुसरं काही दिसेनासं झालं. कापसाच्या मागोमाग सरकी काढणारे जिन आले, गाठी बांधणारे प्रेस आले. अकोला, मूर्तिजापूर, अमरावती, धामणगाव या गावांची ओळखच स्टेशन, कापसाचा बाजार आणि जिनांची धुराडी अशी होऊन बसली. दिवाळीच्या आगेमागे कापूस बाजारात येऊ लागला की जिन सुरू व्हायचे आणि ऊन तापायला लागलं की थांबायचे. वर्षाचं काम चार-पाच महिन्यांत उरकायचं, म्हणून तास कुणी मोजत नसे. १९०८च्या फॅक्टरी लेबर कमिशनने जिनमधल्या सतरा-अठरा तासांच्या दिवसाची नोंद केली आहे. यंत्रापुढे बसून कपाशी सारायला बहुतेक बायका. समोर रोलर, बाजूला पट्टा, खाली फिरता शाफ्ट, आणि पहाटेपासून उघडे असलेले डोळे. अशा ठिकाणी बोट जायला किती वेळ लागतो?

१९२३च्या कायद्याने त्या अवघड प्रश्नाचं उत्तर गणितात दिलं. तात्पुरत्या अपंगत्वात पहिले दहा दिवस काही मिळायचं नाही. त्यानंतर दर पंधरवड्याला, पंधरा रुपयांच्या आत, महिन्याच्या मजुरीचा चौथा हिस्सा मिळायचा. अट एकच. अपघाताआधीची अर्ध्या महिन्याची मजुरी आणि आता मिळणारी अर्ध्या महिन्याची मजुरी यांच्यातल्या फरकापेक्षा ही रक्कम जास्त होता कामा नये. महिन्याला २० रुपये कमावणारा गडी बोटं चेंगरल्यावर हलक्या कामाला लागला आणि १२ रुपयांवर आला, असं धरू. त्याला पंधरवड्याला ४, म्हणजे महिन्याला ८ रुपये भरपाई. मजुरी आणि भरपाई मिळून पुन्हा २०. तो ४ रुपयेच कमावू शकला तर भरपाई महिन्याला १० आणि हाती १४. आकडे कसेही फिरवून पाहा, चार रुपये जास्त कमावले म्हणून एकूण हातात कमी पडले, असं या सूत्रात कधीच होत नाही.

हे सूत्र काही गोऱ्या साहेबाच्या कनवाळूपणातून आलेलं नव्हतं. जखमी गडी लवकर कामावर परतला तर मालकाचा पैसा वाचतो, हा त्यामागचा सरळ व्यवहार. शिवाय ते कागदावर होतं. हंगामापुरती मुकादमाच्या हाताखाली लावलेली, नाव कधी हजेरीपटावर तर कधी मुकादमाच्या डोक्यात असलेली बाई नुकसानभरपाई आयुक्तापुढे जाऊन आपली मजुरी सिद्ध कशी करणार? त्यातही वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं. १८५३पासून इंग्रजांकडे तारण, १९०२ला कायमच्या भाडेपट्ट्यावर दिलेलं. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथं वेगळा जाहीरनामा काढून लावावे लागत. तरीही धडधाकट आणि निकामी यांच्या मधे उभा असलेला माणूस कायद्याला दिसला होता, आणि त्याच्यासाठी एक ओळ लिहिली गेली होती. पुढच्या शंभर वर्षांत ही ओळ अनेकदा हरवली.

त्याआधीही तो माणूस सरकारला एकदा दिसला होता, तो दुष्काळात. १८७६-७८च्या दुष्काळानंतर नेमलेल्या रिचर्ड स्ट्रॅची यांच्या आयोगाने १८८०ला अहवाल दिला, १८८३ला नमुन्याचा फॅमिन कोड तयार झाला आणि प्रांतोप्रांती त्याच्या आवृत्त्या निघाल्या. त्याची मांडणी मोठी करकरीत होती. ज्याच्या अंगात बळ आहे त्याने खडी फोडावी, टोपली वाहावी, तळं खोदावं आणि मजुरी घ्यावी. आंधळा, पांगळा, जख्ख म्हातारा आणि सांभाळणारं कुणी नसलेला रोगी यांची यादी गावात करायची आणि त्यांना काम न मागता शिधा किंवा पैसा द्यायचा. यादी करणारे हात पाटील-पटवाऱ्याचे. गाव सोडून भटकणाऱ्यांसाठी पुअरहाउस.

ही मांडणी कामावर टिकेना, कारण कामावर येणारी माणसं दोन प्रकारची नव्हती. भुकेनं खंगलेले, तापातून उठलेले, एका हाताने अधू, दिवस राहिलेल्या बाया असे सगळे रांगेत उभे. मग कमजोरांच्या वेगळ्या टोळ्या करायच्या, त्यांना खोदायला कमी माप द्यायचं, मजुरीही थोडी कमी पण पोट भरेल इतकी ठेवायची, त्यांच्या लेकरांना किचनमधून वेगळं जेवण द्यायचं, असं करावं लागलं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ वऱ्हाडाने पाठोपाठ पाहिले. दुसरा तो संवत १९५६चा, म्हणून छप्पन्नचा. कापसाच्या पैशाने सुखावलेल्या मुलखाला दुष्काळाची सवय नव्हती. कामाच्या जागेवर कोण कमजोर आणि कोण कामचुकार हे ठरवण्याचा अधिकार हजेरी घेणाऱ्या कारकुनाकडे होता. तो माणसाकडे नजर टाकून ठरवायचा. पुढे मेडिकल बोर्ड आलं, टक्के आले, कार्ड आलं, पण त्या नजरेतला मूळ संशय फारसा हललेला नाही.

कुष्ठरोग्याच्या बाबतीत तर कायद्याने कामाचाच गुन्हा केला. १८९८च्या लेपर्स ॲक्टनुसार, जिथं तो लागू केला जाई तिथं, कुष्ठरोग्याला विक्रीसाठी अन्न, औषध, कपडे तयार करायला, सार्वजनिक विहिरीवर पाणी घ्यायला, भाड्याची गाडी हाकायला बंदी करता येई. आणि ज्याला उदरनिर्वाहाचं दिसेल असं साधन नाही, जो भीक मागतो, त्याला वॉरंटशिवाय पकडून आश्रमात डांबता येई. म्हणजे एका कलमाने धंदा काढून घ्यायचा आणि दुसऱ्या कलमाने धंदा नाही म्हणून पकडायचं. हा कायदा संसदेने २०१६ला रद्द केला, तोवर स्वातंत्र्य मिळून जवळजवळ सत्तर वर्षं झाली होती. परतवाड्याजवळ कोठारा इथं मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काढलेलं कुष्ठरुग्णालय याच काळातलं. रोग्याला वस्तीपासून दूर ठेवायचं पण उपाशी ठेवायचं नाही, ही त्या काळच्या सगळ्या आश्रमांची रीत.

वऱ्हाडाच्या लोकांची स्वतःची रीत होती ती सदावर्ताची. गाडगेबाबा (जन्म १८७६, शेंडगाव) परटाच्या घरात जन्मले, वाढले मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात मामाकडे. पूर्णेकाठच्या ऋणमोचनच्या यात्रेत त्यांनी घाट बांधला आणि आंधळ्या-पांगळ्यांना जेवू घालण्याचा पायंडा पाडला. स्वतः बाबा कुणाच्या दारी भाकरीचा तुकडा घेण्याआधी अंगण झाडायचे, लाकडं फोडून द्यायचे. कामाशिवाय खाणं त्यांना पटत नसे. पण यात्रेत पंगतीला बसलेल्या पांगळ्याकडून त्यांनी काम मागितल्याचं कुणी सांगत नाही. धडधाकट माणसाला एक नियम आणि पांगळ्याला दुसरा, एवढी स्पष्टता त्यांच्याकडे होती. मधल्या माणसाचा विचार मात्र सदावर्तातही नव्हता. पंगत सगळ्यांना सारखी वाढते, खरी, पण ती यात्रेपुरती असते.

तो विचार अमरावतीत झाला, आणि तो करणारे होते डॉ. शिवाजीराव पटवर्धन, सगळ्यांचे दाजीसाहेब. होमिओपॅथीचे डॉक्टर, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग पाहिलेले. १९४६ला त्यांनी विदर्भ महारोगी सेवा मंडळ काढलं आणि शहराबाहेरच्या माळावर तपोवन वसवलं. बाबा आमट्यांचं आनंदवन त्यानंतरचं. तपोवनात आलेल्या रोग्याने आपलं घर बांधायला हात लावायचा, शेतात जायचं, मागावर बसायचं, सुतारकाम शिकायचं. हातमाग आणि लाकूडकाम ही तिथली मोठी खाती. दाजीसाहेबांना १९५९ला पद्मश्री मिळाली, १९८६ला ते गेले.

बाहेरून पाहणाऱ्याला यात स्वावलंबनाचा धडा दिसतो. पण आतली गोष्ट जास्त नाजूक आहे. कुष्ठरोगात हाताची संवेदना जाते. करवतीची मूठ घासून फोड आला तरी हाताला कळत नाही, चुलीवरचं भांडं तापलेलं आहे हे कातडी सांगत नाही. दुखत नाही म्हणून माणूस काम करत राहतो आणि संध्याकाळी हात पाहतो तो जखम झालेली. अशा माणसाला दिवसभर कामाला जुंपणं म्हणजे उरलेली बोटंही घालवणं. म्हणून अवजारांच्या मुठींना फडकी गुंडाळायची, थोड्या थोड्या वेळाने हात तपासायचे, जखम झाली की काम थांबवायचं, पण जेवण आणि छप्पर थांबवायचं नाही, ही कुष्ठरोग्यांच्या कार्यशाळांची शिस्त. इथं कमी तास ही सवलत राहत नाही, तो उपचाराचाच भाग होतो. काम आणि आधार एकाच छपराखाली असल्याने एकाच्या वाढीने दुसरं कापलं जात नाही. अडचण एवढीच, की हे छप्पर गावाबाहेर होतं.

गावात, गिरणीत, बाजारात राहणाऱ्या अपंगासाठी स्वतंत्र भारताने जे पहिलं मोठं पाऊल उचललं ते कामगार राज्य विमा कायद्याचं. त्याचा पाया १९४४च्या अहवालात आहे. तो लिहिणारे प्रा. बी. पी. अदारकर मराठी, आणि व्हाइसरॉयच्या कौन्सिलात तेव्हा मजूर खातं सांभाळत होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९४८चा हा कायदा अर्ध्या रोजाच्या माणसाकडे दोन नजरांनी पाहत आला. जखम बरी होईपर्यंतच्या तात्पुरत्या अपंगत्वाचा भत्ता ज्या दिवशी काम केलं त्या दिवशी मिळत नाही. अर्धा दिवस जरी जाऊन बसलात तरी त्या दिवसाचा भत्ता गेला. जखम बरी होऊन कायमचं अंशतः अपंगत्व उरलं, तर मात्र मेडिकल बोर्ड कमाईची क्षमता किती टक्क्यांनी घटली ते ठरवतं, आणि त्या प्रमाणात भत्ता जन्मभर मिळतो. पुन्हा त्याच गिरणीत कामाला लागलात, पूर्ण पगार घेतलात, तरी तो चालू राहतो. १९२३चं सूत्र इथं आणखी उदार झालं आहे.

अकोल्याची सावतराम मिल, बडनेऱ्याची विजय मिल अशा बारमाही गिरण्यांतल्या कामगाराला ही दारं उघडली. जिनमधल्या कामगाराला नाही. कायदा लागू झाला तो हंगामी कारखाने वगळून, आणि हंगामी कारखाने म्हणजे कोणते याची जी यादी कायद्यात होती तिच्या सुरुवातीलाच कापसाचं जिनिंग होतं, मग प्रेसिंग, भुईमूग फोडणं, कॉफी, नीळ, लाख, रबर, साखर, चहा. वऱ्हाडात सर्वांत जास्त हात ज्या यंत्रापुढे होते तेच यंत्र पहिल्या फटक्यात बाहेर. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेने जुने कायदे गुंडाळले, ती २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झाली, तरी राज्य विम्याच्या परिशिष्टातली हंगामी कारखान्यांची वगळणी तशीच आहे. वर्गणी वर्षातून चार महिनेच येणार, मग लाभ वर्षभर कसा द्यायचा, हा त्यामागचा युक्तिवाद. त्यात तथ्य नाही असं नाही. पण तुटलेलं बोट हंगाम संपल्यावर परत येत नाही.

शेतात जे बोट जातं त्याचा हिशेब आणखी वेगळा. मळणीयंत्रात हात गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून एक अवयव गेल्यास १ लाख, दोन गेल्यास किंवा मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. पण सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरच्या एकाला. यंत्रात पेंढ्या सारणारा बहुधा मजूर असतो, आणि सातबारा त्याच्याकडे नसतो.

उरतं ते ज्याला गावात कुणी अनुदान म्हणत नाही, ‘निराधारचा पगार’ म्हणतात. संजय गांधी निराधार अनुदान योजना २ ऑक्टोबर १९८०ला सुरू झाली. मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले. याच काळात संजय गांधी स्वावलंबन योजना नावाची दुसरी योजनाही निघाली, छोट्या धंद्याला कर्ज देणारी. दोन भावंडांची नावं शेजारी ठेवली की त्या वेळचा सरकारी विचार उघडा पडतो. तुम्ही निराधार असाल तर इकडे या, स्वावलंबी होणार असाल तर तिकडे जा. आठवड्यातले तीन दिवस स्वावलंबी आणि चार दिवस निराधार असणाऱ्याने कुठं जायचं, याची खिडकी नव्हती. दुर्धर आजार असणाऱ्यांसाठीची अट तर शब्दशः स्वतःचा चरितार्थ चालवू न शकण्याची.

अर्जाची वाट वऱ्हाडातल्या प्रत्येक तालुक्याला पाठ आहे. अपंगत्वाचं प्रमाणपत्र, तेही किमान ४० टक्क्यांचं. अमरावतीकर त्यासाठी इर्विन रुग्णालयात जातो, अकोलेकर सर्वोपचारला. आता ते ऑनलाइन होऊन यूडीआयडी कार्डाच्या रूपात येतं. मग पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा. मग उत्पन्नाचा दाखला, आणि इथंच घोडं पेंड खातं. निराधारांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं, अपंगांसाठी ५०,०००च्या आत. तहसीलमधल्या संजय गांधी शाखेत फाइल जाते, तालुक्याची समिती बसते, मंजुरी होते. त्यानंतर दरवर्षी हयातीचा दाखला. एकवीस हजार ही मर्यादा इतकी वर्षं जागची हलली नाही, की कित्येक गावांत दाखल्यांवरची उत्पन्नं त्याच आकड्याच्या आसपास घोटाळत राहतात. याला खोटेपणा म्हणणं सोपं आहे. वास्तविक, ज्या घरात रोजच्या मजुरीची कुठं नोंदच होत नाही तिथं उत्पन्न हा आकडा मोजायचा नसतो, ठरवायचा असतो, हे अर्जदाराला आणि दाखला देणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं.

पण कुणी प्रामाणिकपणे मोजायचंच ठरवलं तर? २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर रोजाला ३१२ रुपये होता. एका पायाने अधू असलेला गडी महिन्यातले १३ रोज, म्हणजे धडधाकट माणसाच्या निम्मे, काम करतो असं धरा. महिन्याला ४,०५६, वर्षाला ४८,६७२ रुपये. मर्यादेच्या आत, १,३२८ रुपये शिल्लक ठेवून. ही मर्यादा कुटुंबाची आहे. म्हणजे त्याच्या बायकोने वर्षभरात चार दिवस निंदणाला जावं. पाचव्या दिवशी गेली की घर अपात्र.

अंगठ्याचंही तसंच. १९२३च्या परिशिष्टात त्याची किंमत २५ टक्के होती, पण ते कमाईच्या क्षमतेतले टक्के होते, आणि तेवढी भरपाई मिळत होती. आजचे टक्के शरीराचे मोजले जातात, आणि ४०च्या खाली पेन्शनसाठी सगळे सारखेच, शून्य. हाताचा अंगठा एकट्याने ४०ची रेषा ओलांडत नाही. कापूस वेचणारीला विचारावं अंगठ्याची किंमत काय. बोंडातून कापूस उपटायला अंगठा आणि दोन बोटं लागतात, दोन्ही हात एकदम चालावे लागतात, आणि मजुरी किलोवर. संध्याकाळी काट्यावर गाठोडं टांगलं की तिचं अपंगत्व किलोत मोजून समोर येतं. कुठलंही बोर्ड इतकं अचूक मोजत नाही.

मेळघाटात आणि एकूणच विदर्भात आणखी एक दुखणं आहे ज्याला टक्के लावताना डॉक्टरही चाचपडतात. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ला मध्य भारतातल्या सिकलसेलवर ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, तेव्हापासून हा आजार इथल्या वैद्यकाला माहीत आहे. सिकलसेलचा रुग्ण पंधरा दिवस इतरांसारखा काम करतो आणि सोळाव्या दिवशी सांधे असे धरतात की उठता येत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले आणि त्यात सिकलसेल घेतला. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण मात्र त्याला दिलं नाही. ज्यांचं शरीर महिन्यातले काही दिवसच साथ देतं, त्यांना पूर्ण वेळाची नोकरी झेपत नाही हे खरं. अर्ध्या वेळाची सरकारी नोकरी मात्र कुणी काढली नाही.

ज्याला नोकरी लागलेली आहे आणि मग अपंगत्व आलं, त्याची सोय कायद्याने चांगली केली. १९९५च्या कायद्यातलं कलम ४७, आणि २०१६च्या कायद्यात कलम २०. सरकारी कर्मचाऱ्याला अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही, दर्जा कमी करता येत नाही. जमेल अशा पदावर त्याच पगारात बदली करायची, पद नसेल तर त्याच्यासाठी निर्माण करायचं. एसटीच्या चालकाची नजर अधू झाली तर त्याला स्टेअरिंगवरून उठवून दुसरं काम द्यावं लागतं, पगार तोच. हे वाचताना मजुराला हेवा वाटावा, आणि वाटतोही.

नोकरीच काय, घरही नसलेल्यांची सोय मात्र कायद्याबाहेरच्या माणसाने केली. अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी कचराकुंड्यांत, स्टेशनांवर टाकून दिलेली अपंग, मतिमंद, मूकबधिर मुलं वाढवली. १८ वर्षं पूर्ण झाली की बालगृहातून बाहेर, हा नियम त्यांनी मानला नाही. बेवारस अपंगाला आयुष्यभराचं घर हवं, असं ते सरकारला वर्षानुवर्षं सांगत आले. त्या माळावर मुलांनी लावलेली हजारो झाडं उभी आहेत. पद्मश्री २०२४ला आली.

अचलपूरचंच दुसरं नाव बच्चू कडूंचं. २००४ ते २०२४ अशी वीस वर्षं ते इथले आमदार होते. टाकीवर चढण्यापासून ताफे अडवण्यापर्यंत त्यांच्या आंदोलनाच्या तऱ्हा प्रसिद्ध आहेत आणि त्यावर हसणारेही बरेच. पण स्थानिक संस्थांनी उत्पन्नातला ठरावीक हिस्सा, आधी ३ आणि पुढे ५ टक्के, अपंगांवर खर्च करायचा हा कागदावरचा नियम नगरपालिकांच्या आणि ग्रामपंचायतींच्या दारात नेऊन बसवला तो त्यांच्या प्रहार संघटनेच्या तीनचाक्यांवरून आलेल्या कार्यकर्त्यांनी. ३ डिसेंबर २०२२ला राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग जाहीर झाला, त्यामागेही हा रेटा होता. जून २०२५मध्ये कडू तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीत उपोषणाला बसले. कर्जमाफीसोबत एक मागणी होती दिव्यांगांना महिना ६,००० रुपयांची. सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांगांची रक्कम १,५००वरून २,५०० केली. २०१९पर्यंत हीच रक्कम ६०० होती, हे लक्षात घेतलं तर उडी मोठी आहे.

पण निर्णय रकमेचा होता, मर्यादेचा नव्हता, आणि त्यातून एक विचित्र गोष्ट घडली. महिना १,५०० होते तेव्हा पात्र आणि अपात्र घरांतला फरक वर्षाला १८,००० रुपयांचा होता, तो आता ३०,०००चा झाला. ४९,००० उत्पन्न दाखवणारं घर अनुदानासह ७९,०००वर जातं. ५१,००० दाखवणारं तिथंच राहतं. दोन हजार जास्त कमावणाऱ्या त्या घराला पहिल्याच्या बरोबरीला यायला आणखी २८,००० मिळवावे लागतात, रोजगार हमीच्या (रोहयोच्या) दराने ९० रोज. मदत वाढवताना रेषा हलवली नाही तर रेषेवरून पडण्याची उंची वाढते. मोझरीच्या मंडपात मागणी रकमेची होती, आणि ते समजण्यासारखं आहे. ‘कमाईच्या प्रत्येक रुपयामागे अनुदान थोडं थोडं घटवा, एकदम तोडू नका’ ही घोषणा देऊन पाहिली तरी जमावाला तालात म्हणता यायची नाही.

तोवर तालुक्यातालुक्यात लोक आपापली तोड काढतात. शिलाईचं काम घरी चालतं पण पाटी लावत नाहीत. पानटपरीचा परवाना पुतण्याच्या नावावर असतो आणि गल्ल्यावर काका बसतो. रोहयोच्या मस्टरवर नाव घालण्यापेक्षा गावातल्याच वावरात रोख अर्धा रोज घेणं बरं, कारण मस्टरचे पैसे बँकेत जातात आणि बँकेच्या पासबुकावर तारीख असते. डिसेंबरात वेचणी जोरात असताना कुणी बोलावलं, तर पांगळा गडी आधी विचारतो, पैसे हातात देणार की खात्यात?